श्वासाची जागल

कक्षात नव्याने रुजू झालेल्या मुलीला सिस्टर पहिल्या दिवशी वॉर्मरवरच्या एखाद्या लहानशा बाळापाशी उभं करतात. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दाखवतात आणि म्हणतात, "मॉनिटरकडे पाठ कर. बाळाचं पोट बघ. हलायचं थांबलं की मोजायला लाग."

मुलगी मोजू लागते. पाच, सहा, सात. आठव्या सेकंदाला तिचा हात आपोआप बाळाकडे जातो आणि सिस्टर तो हलकेच धरून ठेवतात. दहाव्या सेकंदाच्या आसपास बाळ स्वतःच भराभर श्वास घेतं, पुन्हा थांबतं, पुन्हा घेतं. मुलीला घाम फुटलेला असतो. "हे पिरिऑडिक ब्रीदिंग," सिस्टर सांगतात. "पाच-दहा सेकंद थांबून आपलं आपण चालू होतं. अपुऱ्या दिवसांची बाळं असाच श्वास घेतात. यात हात घालायचा नाही. पण वीस सेकंद झाले, किंवा त्याआधीच रंग गेला, ठोके शंभराच्या खाली आले, तर कुणाची वाट बघायची नाही. त्याला ॲप्निया म्हणायचं."

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयातला हा एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, ग्रामीण रुग्णालयांतून, कधी थेट रस्त्यावर रुग्णवाहिकेतच जन्मून बाळं इथे येतात. सिस्टरांच्या नोकरीची बहुतेक वर्षं याच कक्षात गेली. हजाराच्या आतबाहेर ग्रॅमची, तळहातावर मावणारी बाळं त्यांच्या हाताखालून गेली आणि त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी श्वास थांबवून दाखवला.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय बिघडलं? सिस्टर बसून समजावतात. गर्भातलं बाळ श्वासासारखी हालचाल अधूनमधूनच करतं, कारण त्याचा ऑक्सिजन नाळेतून येतो. तिथे ऑक्सिजन कमी पडला तर ही हालचाल बंद होते आणि तेवढी शक्ती वाचते. गर्भाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा हिशोब आहे. बाळ दोन-तीन महिने आधी बाहेर आलं तरी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र अजून त्याच हिशोबावर चालत असतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मोठ्या माणसाचा श्वास लगेच जोर धरतो, तसा या बाळांचा धरत नाही. ऑक्सिजन कमी झाला तर क्षणभर श्वास वाढतो आणि मग उलट मंदावतो. आता श्वास बंद पडला तर नाळ नाही, पर्याय नाही.

म्हणूनच जितके आठवडे कमी तितका हा त्रास जास्त. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाला तो होतो. ३० ते ३१ आठवड्यांच्या बाळांत निम्म्याहून थोड्या जास्त जणांना, आणि ३४ ते ३५ आठवड्यांच्या बाळांत शंभरात सातेक जणांना. बहुतेकांचा तो गर्भवयाच्या ३६-३७ आठवड्यांपर्यंत आपोआप सुटतो. अगदी लवकर जन्मलेल्यांना कधीकधी ४३-४४ आठवडेही लागतात. हे सांगितलं की आईच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा थोडा उतरतो. आपण काही खाल्लं, ग्रहणात बाहेर गेलो, वजन उचललं म्हणून बाळाचा श्वास थांबतो, असं तिच्या कानावर दोन दिवसांत बरंच पडलेलं असतं.

मॉनिटरकडे पाठ करायला लावण्यामागे कारण आहे. श्वास दोन तऱ्हांनी थांबतो. एकात मेंदूकडून हुकूमच निघत नाही. छाती, पोट, सगळं निश्चल. दुसऱ्यात हुकूम निघतो, पण मान पुढे झुकल्याने किंवा घशात दूध-चिकटा आल्याने वाट बंद होते. लहान बाळांत बहुतेकदा दोन्ही एकत्र असतात. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवरून श्वास मोजणारं यंत्र छातीची हालचाल मोजतं. वाट बंद असलेलं बाळ तर छाती हलवतच असतं, धडपडत असतं. यंत्राला तो श्वास वाटतो. पायाला गुंडाळलेला लाल दिव्याचा प्रोब ऑक्सिजन घसरला की ओरडतो खरा, पण तोवर काही सेकंद गेलेले असतात. शिवाय तोच प्रोब बाळाने पाय झटकला तरी ओरडतो आणि पाय गार पडला तरी ओरडतो. रात्रभर खोटे अलार्म ऐकून कान बधिर होतात. मग खरा अलार्मही त्या गोंगाटात मिसळून जातो. कक्षातल्या प्रत्येकीला या गोष्टीची भीती वाटते आणि वाटलीच पाहिजे, असं सिस्टरांचं मत आहे.

ॲप्निया झाला की करायचं काय, ते तसं साधं आहे. आधी मान बघायची. खांद्याखाली कापडाची छोटी घडी सरकवून मान किंचित मागे, नाक वर. मग तळव्याला बोटाने हलकी टिचकी किंवा पाठीवरून बोटं फिरवणं. बहुतेक बाळं तेवढ्यावर श्वास घेतात. घाबरून बाळाला हलवायचं नाही, चापट मारायची नाही आणि घशात नळी घालून जोरात सक्शन तर मुळीच करायचं नाही, कारण घशाच्या मागच्या भागाला धक्का लागला की ठोके आणखी पडतात. तरीही श्वास आला नाही तर बॅग आणि मास्क. तो प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक वॉर्मरपाशी तपासून ठेवलेला असतो. ऑक्सिजनही सढळ हाताने सोडायचा नसतो. जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, म्हणून सॅच्युरेशन ९० ते ९५च्या दरम्यान राखायचं.

यानंतरचं काम कागदावरचं, आणि सिस्टर त्याबाबतीत फार कडक आहेत. ॲप्निया चार्टवर वेळ, किती सेकंद, रंग, ठोके, सॅच्युरेशन, दूध देऊन किती वेळ झाला होता, बाळ कसं झोपलं होतं, आपोआप सावरलं की टिचकीने की बॅगने, हे सगळं लिहायचंच. एका बाळाचे सगळे थांबे दुधानंतर अर्ध्या तासात येत होते. चार्टवर ते ओळीने दिसलं. नळीतून दूध सिरिंजने ढकललं जात होतं. ते बंद करून दूध आपल्या वजनाने सावकाश उतरू दिलं आणि थांबे कमी झाले.

दुसऱ्या बाळाच्या चार्टने वेगळीच गोष्ट सांगितली. आठवडाभर हे बाळ छान चाललं होतं. एका रात्री पाळी घेताना सिस्टरांना त्याच्या नावापुढे लागोपाठच्या नोंदी दिसल्या. प्रत्येक नोंदीपुढे 'स्टिम्युलेशन दिले, सावरले' असं व्यवस्थित लिहिलेलं होतं. त्यांनी बाळाच्या पोटाला आणि तळव्याला हात लावला. तळवा गार होता. पोट थोडं फुगलं होतं आणि हात उचलून सोडला की पडत होता. त्यांनी टाचेच्या थेंबावर साखर तपासली, तापमान घेतलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. "सर, हा अपुऱ्या दिवसांचा ॲप्निया नाही वाटत. बाळ बरं नाही." रक्त तपासणीला गेलं, अँटिबायोटिक रात्रीच सुरू झालं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. श्वास अचानक जास्त वेळा थांबू लागणं हे सेप्सिसचं, साखर कमी झाल्याचं, बाळ गारठल्याचं, मेंदूत रक्तस्राव झाल्याचं किंवा झटक्याचं पहिलं लक्षण असू शकतं. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा श्वास थांबला तर 'होतं असं' म्हणायची सोयच नाही. तिथे कारण शोधावंच लागतं.

औषध म्हणाल तर एकच, आणि त्याचं नाव ऐकून आज्या चकित होतात. कॅफिन. "म्हणजे चहातलं?" हो, तेच. एका आजींनी दुसऱ्याच दिवशी वाटीत बोटभर चहा आणला होता, बाळाच्या ओठाला लावायला. त्यांना प्रेमाने परत पाठवावं लागलं. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दम्याचं ॲमिनोफायलिन अशा बाळांना देऊन पाहिलं होतं. १९७७ मध्ये माँट्रियलच्या डॉक्टरांनी कॅफिन वापरलं. सिस्टरांच्या सुरुवातीच्या वर्षांत इथेही ॲमिनोफायलिनच असायचं. त्याने बाळाचे ठोके वाढायचे, ते किरकिरं व्हायचं, डोस फार जपून द्यावा लागे. कॅफिन मात्र दिवसातून एकदा पुरतं. पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेट, नंतर रोज ५ ते १०. त्याबद्दलची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ५०० ते १२५० ग्रॅमच्या २००६ बाळांवर ती झाली होती. कॅफिन मिळालेल्या बाळांत फुप्फुसाचा दीर्घ आजार ४७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आला. दीड-पावणेदोन वर्षांनी तपासलं तर सेरेब्रल पाल्सीचं प्रमाणही ७.३ वरून ४.४ टक्के झालं होतं. श्वासासाठी दिलेल्या स्वस्त औषधाने पुढचं चालणंही सावरावं, याचं अप्रूप सिस्टरांना अजून वाटतं.

भांडण होतं ते औषध बंद केल्यावर. मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांत निघून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याला चारेक दिवस लागतात. म्हणजे डोस थांबला तरी कॅफिन अंगात काम करतच असतं. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर पाच ते सात दिवस एकही ॲप्निया नको, तरच सुट्टी. नेमके याच दिवसांत घरचे कंटाळलेले असतात. मजुरी बुडालेली असते, घरी दुसरं लेकरू असतं, सोयाबीन काढणीला आलेलं असतं. एका बापाने वैतागून विचारलं, "श्वास चांगला चालू हाये, औषध बंद केलं, मंग काहून ठेवून घेता?" सिस्टरांनी त्याला चार्ट दाखवला, कॅफिनचा हिशोब सांगितला, आणि म्हणाल्या, आता बाळ स्वतःच्या जोरावर श्वास घेतं का, तेच बघायचं राहिलंय. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आमी वावरात डुकरांसाठी जागलीले बसतो, तसं. डुक्कर आलं नाही म्हणून उठून गेलं की त्याच रातीले येते." तो राहिला.

याच दिवसांत आईचं शिक्षणही उरकायचं असतं. खरं तर ते आधीच सुरू झालेलं असतं, कांगारू पद्धतीने. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून डॉ. एदगार रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही रीत पुढे शास्त्राने उचलून धरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. तिथे आईला बाळाच्या कक्षातच खाट दिली आणि बाळ स्थिरस्थावर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलं. एकूण अभ्यासात २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. छातीशी बाळ उभं असतं, मान सरळ राहते, ऊब मिळते, आणि श्वास थांबला तर आईला ते डोळ्यांनी नव्हे, कातडीने कळतं. मॉनिटर ओरडण्याआधी आईने हाक मारल्याचे प्रसंग सिस्टरांनी अनेकदा पाहिलेत. "सिस्टर, हा हलून नाही रायला," एवढंच ती म्हणते, आणि तोवर तिचं बोट पाठीवर फिरूही लागलेलं असतं.

आज्यांची शिकवणी वेगळी. झोपेत बाळ हसतं, ओठ मुरडतं, तेव्हा सटवाई त्याला खेळवते असं त्या मानतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची बरीचशी झोप अशी चुळबुळीची असते आणि नेमक्या याच झोपेत श्वास जास्त अनियमित होतो. सिस्टर श्रद्धेला हात लावत नाहीत. "सटवाई खेळवत असली ना आजी, की तुम्ही जास्त लक्ष द्या," असं सांगतात. आज्या ते मनापासून पाळतात. धुरी मात्र बंद म्हणजे बंद. छोट्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. बोंडल्याने दूध पाजताना घाई करायची नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी घोट मोठा झाला की श्वास अडलाच. घरी बाळाला पाठीवरच झोपवायचं, उशी नाही, तोंडावर दुपटं नाही. कक्षात तेच बाळ काही वेळा पालथं दिसलेलं असतं, तेव्हा त्याच्या पायाला प्रोब होता, हे मुद्दाम सांगावं लागतं.

गुटीवर सिस्टर सगळ्यात जास्त वेळ घालवतात. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका लेकरू झोपून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत, याच्या नोंदी १९२०च्या दशकातल्या कामगारविषयक अहवालांत आहेत. अफू श्वासाच्या त्याच केंद्राला झोपवते, जे या बाळांत मुळात अर्धवट जागं असतं. आता अफू गेली, पण 'बाळ रात्री झोपत नाही' म्हटलं की जायफळाचे वेढे वाढवणारी घरं आहेत. सहा महिने फक्त आईचं दूध, बाकी काही नाही. खोकल्याचं औषधही शेजारणीच्या सल्ल्याने नाही.

अलीकडे शहरातून आलेले काका-मामा मोबाइलवर एक मोजा दाखवतात. बाळाच्या पायात घालायचा, श्वास थांबला की फोन वाजतो. घ्यावा का? सिस्टरांचं उत्तर नाही असं असतं, आणि त्याला इतिहास आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतले डॉ. आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी, झोपेतल्या श्वासाच्या थांब्यांतूनच बाळं अचानक दगावतात, असा निष्कर्ष काढला. घराघरांत मॉनिटर लागले. त्यांच्या शोधनिबंधातल्या दोन भावंडांच्या आईवर पुढे खटला भरला आणि १९९५ मध्ये, आपल्या पाचही मुलांचा जीव तिनेच घेतल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. २००१ मध्ये मोठा अभ्यास आला. श्वासाचे असे थांबे निरोगी बाळांतही सर्रास सापडले. घरच्या मॉनिटरने अचानक मृत्यू टळतात, असं कधी दिसलंच नाही. मृत्यू कमी झाले ते १९९४ पासून अमेरिकेत 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाल्यावर. मोज्याचे पैसे गाडीभाड्याला ठेवा, असं सिस्टर म्हणतात. बाळ पुन्हा निळं पडलं, छाती आत ओढू लागलं, दूध तोडलं, तर तासाभरात इथे पोचता आलं पाहिजे. थंडीत सर्दीच्या विषाणूंनी अशा बाळांचा श्वास पुन्हा थांबू शकतो.

क्वचित असं बाळही येतं, ज्याचा श्वास वयाने सुटत नाही. सिस्टरांच्या वाट्याला एक आलं होतं. पूर्ण दिवसांचं, वजनदार, जागेपणी गुलाबी. डोळा लागला की श्वास उथळ होत जायचा आणि रंग काळवंडायचा. धडपड अजिबात नाही. त्यांना खटकली ती ही शांतता. गुदमरलेलं बाळ झगडतं, हे झगडतच नव्हतं. अशा आजाराचं वर्णन १९७० सालचं आहे आणि त्यामागचा पीएचओएक्स२बी हा जनुक २००३ मध्ये सापडला. यात झोपेतला श्वास जन्मभर यंत्राच्या आधारानेच चालतो. बाळाला नागपूरला पाठवलं. जाताना सिस्टरांनी त्याच्या आईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: गाडीत याला झोपू देऊ नकोस, झोपलं तर बॅगवर घ्यायला सांग.

घरी गेलेल्या बाळांवर पुढे आशाताईंचा डोळा असतो. ही रीत याच विदर्भातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचे श्वास मोजू लागल्या, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या. ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुढे आशा कार्यकर्तींच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. कक्षातून सुट्टी होते तेव्हा सिस्टर आशाताईंना फोन लावून बाळाचं वजन आणि शेवटच्या ॲप्नियाची तारीख सांगतात. मिनिटाला साठच्या वर श्वास गेला तर मला फोन, असा निरोप ठरलेला.

सध्या त्यांनी ॲप्निया चार्टवर हाताने एक रकाना वाढवला आहे: आधी कुणाच्या लक्षात आलं? मॉनिटर, सिस्टर की आई. रात्रपाळीला दोघी असतात, खाटांपेक्षा बाळं जास्त असतात. एकीच्या हातात बॅग-मास्क असला की उरलेल्या सगळ्या पोटांकडे बघायला दुसरी एकटीच. दर महिन्याच्या बैठकीत त्या भरलेले चार्ट टेबलावर ठेवतात. त्यांच्या मागण्या दोन. रात्री तिसरी सिस्टर, आणि सफदरजंगसारख्या आयांच्या खाटा कक्षाच्या आतच. जागा नाही, हे उत्तर त्यांना मिळालं तेव्हा त्यांनी टेप घेऊन शेजारची स्टोअररूम मोजली आणि नकाशा काढून दिला. मधली भिंत पाडली तर सहा खाटा बसतात. नकाशा बांधकाम विभागाकडे गेला आहे आणि सिस्टर दर आठवड्याला त्याची विचारणा करतात.